फिलूबाई आणि माझी चिनू

गेल्या महिन्यात शाळेतून फोन आला. फिलूबाई निवृत्त होतायत, त्यांच्या जुन्या शाळेत सत्कार ठेवलाय, पालकांच्या वतीनं चार शब्द तुम्ही बोला. मी नाही म्हटलं. घरात पाहुणे आहेत, मासळीचं बघायचंय, असली काहीतरी कारणं पुढे केली. खरं कारण वेगळंच. फिलूबाईंबद्दल चांगलं बोलायचं तर आधी माझं वाईट सांगावं लागतं, आणि ते शाल-नारळ घेऊन बसलेल्या माणसांसमोर कुठं सांगणार? इथं सांगते. इथं निदान माइक नाही.

आम्ही देवबागचे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे आमची घरं. ह्यांची बोट आहे, पर्यटकांना फिरवतात. घराच्या तीन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो आणि त्यांचं जेवण मी करते. माझ्या हातच्या बांगड्याच्या तिखल्यासाठी माणसं पुण्याहून परत परत येतात, हे मी फुशारकीनं सांगत नाही, आहे ते सांगते. चिनू आमची एकुलती एक. दुसरीत असताना पोर बघता बघता वाळायला लागली. सारखी पाणी पाणी करायची. कुडाळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, साखरेचा आजार आहे, लहान मुलांना होतो त्यातला, हिला आता रोज इन्सुलिनची सुई, दिवसातून चार वेळा, कायमची. चारातली एक दुपारी, जेवणाच्या आधी. म्हणजे शाळेत.

मुख्याध्यापक परब सर माणूस वाईट नव्हे, पण भित्रा. उद्या काही झालं तर, हे त्यांचं एकच वाक्य. शाळेत सुई नको, नियमात बसत नाही, आईनंच यावं. साखर अचानक उतरली तर मूल चक्कर येऊन पडतं, तेही कधी होईल सांगता येत नाही. म्हणून मी सकाळी दहाला शाळेच्या पडवीत जाऊन बसायची ती पाचला चिनूला घेऊनच उठायची. वर्षभर. आमच्या धंद्याचा सीझन गेला, पाहुण्यांना जाऊबाई जेवण घालू लागली, तिच्या हातच्या कढीला माझ्या कढीची सर नाही, तेही सोसलं. पण खोटं कशाला बोलू, त्या पडवीत बसण्यात एक सुख होतं. येणारीजाणारी बाई थांबून म्हणायची, आवस असावी तर अशी. आई म्हणून झालेलं ते कौतुक ऐकायला मला आवडायचं.

मग जूनमध्ये फिलूबाई बदलून आल्या आणि चिनूच्या तिसरीच्या वर्गाला त्या मिळाल्या. नाव फिलोमिना, पण पहिल्या आठवड्यातच अख्ख्या गावाच्या तोंडी फिलूबाई झाल्या. पन्नाशी उलटलेली, उंच, काटकुळी बाई. साडीखाली कॅनव्हासचे बूट, कारण वाळूत चपला रुततात म्हणे. मनगटावर पुरुषी घड्याळ. वर्गात खुर्चीवर बसलेलं त्यांना कुणी पाहिलं नसेल. आणि चेहऱ्यावर हसू म्हणाल तर सणासुदीला.

तिसऱ्या दिवशी त्या पडवीत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तू रोज हय कित्याक बसतंस गो?"

मी सगळं सांगितलं. माझं सांगून झालं की ऐकणारीच्या डोळ्यांत पाणी यायचं, ही मला सवय झालेली. फिलूबाईंच्या डोळ्यांत काहीच आलं नाही. त्या म्हणाल्या, "आणि उद्या ह्यां चेडू कॉलेजात गेला की थय पण बसतलंस?"

पोर कॉलेजात गेली तरी बसशील का म्हणे! माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की घरी येऊन ह्यांच्यापाशी तासभर बडबडले. हे म्हणाले, बाई बरोबर बोलली की. तेव्हापासून ह्यांच्यावरही राग.

पण ती बाई नुसती बोलून थांबणारी नव्हती. पुढच्या रविवारी चर्चमधून थेट कुडाळ गाठलं आणि डॉक्टरांकडून सुई द्यायला शिकून आली. हात बसावा म्हणून आठवडाभर घरी वांग्यांना साध्या पाण्याच्या सुया टोचल्या आणि ती वांगी मग स्वतःच भाजून खाल्ली. डॉक्टरांचं पत्र आणलं, माझी संमती लिहून घेतली, स्वतःची जबाबदारी लिहून दिली आणि तिन्ही कागद परब सरांच्या टेबलावर ठेवले. सर म्हणाले, उद्या काही झालं तर? फिलूबाईंनी शांतपणे सांगितलं की तेही चौथ्या कागदावर लिहिलंय, काय झालं तर कुणी काय करायचं ते. सरांनी सही केली. माझी पडवी गेली.

'लिवलंस?' हा त्यांचा शब्द. मुलानं गणित सोडवलं, लिवलंस? कुणी तक्रार घेऊन आलं, लिवलंस? मी काही सांगायला तोंड उघडलं की तेच. त्यांनी चिनूसाठी एक वही केली, दोन रकान्यांची. डावीकडे घर, उजवीकडे शाळा. प्रत्येक वेळची साखर किती, खाल्लं काय, सुई किती, सगळं त्यात. वही आणि साखर मोजायचं मशीन, दोन्ही रोज दप्तरातून घरी आणि शाळेत. शाळेत फ्रीज नाही आणि औषधाला तर गारवा लागतो. म्हणून त्यांनी वर्गाच्या कोपऱ्यात ओल्या वाळूत एक लहान मडकं पुरलं आणि त्यात औषधाची डबी ठेवली. वाळूवर पाणी शिंपायची पाळी मुलांनी वाटून घेतली. माझ्या मुलीच्या औषधावर गावची पोरं पाणी घालतायत आणि मी घरात पापलेटं कापतेय, हे काही माझ्या गळी उतरेना.

आणि आजार हा शब्द त्या बोलू द्यायच्या नाहीत. परब सरसुद्धा 'ती आजारी मुलगी' म्हणाले तर तिथल्या तिथे सुधारायच्या. चिनूचं काम, असं म्हणायचं. चिनूचं काम झालं का, चिनूचं काम राहिलंय. घरात मी मात्र तिला कुशीत घेऊन, माझं गरीब बाळ, काय गं तुझ्या नशिबी आलं, असं करायची. आता तुम्ही सांगा, यातलं कुठलं प्रेम? मला तरी वाटायचं माझंच. पण घरी सुई बघितली की चिनू खाटेखाली शिरायची. हे पाय धरायचे, मी हात धरायची, रडारड, घाम, शेवटी सुई. आणि शाळेत? मी एकदा खिडकीतून पाहिलं. फिलूबाईंनी नुसती मान हलवली आणि माझ्या मुलीनं बाही वर करून हात पुढे केला, तोही शेजारणीशी गप्पा मारत. बाईंनी ना बाळा म्हटलं, ना गोंजारलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ महिने पोटात वाढवली मी आणि दंड पुढे करायला ही बाई.

त्याच दिवशी मी त्यांचं गाऱ्हाणंही ऐकलं. आमच्याकडे देवळात गाव जमतो, गावाचा मानकरी, म्हणजे गावकर, देवाला गाऱ्हाणं घालतो आणि प्रत्येक वाक्याला सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. मुलांना ते बोबडं बोलायच्या वयापासून पाठ असतं. फिलूबाई स्वतः चर्चमध्ये जाणाऱ्या, पण त्यांनी ते बरोबर हेरलं होतं. डबे खायच्या आधी वर्गातला मोठ्या आवाजाचा एक पोरगा उभा राहायचा आणि सुरू करायचा.

"बा देवा म्हाराजा, चिनूचां काम झाल्याबिगर जो कोण डबो उघडीत, तेच्या डब्यातलो बांगडो कावळो नेऊ दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा वर्ग.

चिनू न विचारता बाहेर गेली तर कुणी का म्हणून विचारू नये, व्हय म्हाराजा. तिचे हात थरथरले, घाम फुटला तर तिला एकटीला सोडू नये, कपाटातल्या निळ्या डब्यातली साखर तिच्या तोंडात घालावी आणि बाईंना हाक मारावी, व्हय म्हाराजा. डॉक्टरांनी मला जे तीनदा समजावलं तरी कळलं नव्हतं, ते तीस पोरांना तोंडपाठ. गावातल्या एकदोघांनी कुरकुर केली की ख्रिस्ती बाईनं आमचं गाऱ्हाणं शाळेत आणलं. ती कुरकुर त्यांच्या कानावर मीच घातली, मुद्दाम. वाटलं, थोडी तरी हिरमुसेल. त्या म्हणाल्या, गावकराला विचारून आलेय, त्यानं दोन ओळी सुधारूनही दिल्या.

तालुक्याच्या ऑफिसातलं तर सांगायलाच हवं. चौथीतही वर्ग फिलूबाईंकडेच होता, आणि चिनूला स्पर्धा परीक्षेला बसवायचं ठरलं. तिथं साखर मोजायचं मशीन आणि बिस्किटं आत न्यायची परवानगी हवी होती. फिलूबाई मला बरोबर घेऊन गेल्या. साहेबांनी कागद वाचला आणि असा काही नियम नाही म्हणून परत दिला. मी उठलेच होते. फिलूबाई बसून राहिल्या आणि एकदम पुस्तकातल्यासारख्या मराठीत म्हणाल्या, "परवानगीचा नियम नाही, म्हणजे मनाईचाही नाही. तेवढंच आम्हाला लिहून द्या." साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. अर्ध्या तासानं आम्ही पत्र घेऊन बाहेर. येताना एसटीत मी खिडकीबाहेर तोंड करून बसले. मला आनंद व्हायला हवा होता, आणि माझ्या मनात एकच चाललेलं, हे मला का नाही सुचलं.

घरात तर रोजचा छळ. बाई म्हणतात भात वाटीनं मोजून घ्यायचा. बाई म्हणतात आंबा खायचा, पण फोडी मोजून, आणि वहीत लिहून. माझ्या घरात, माझ्या भाताला वाटी! पंधरा माणसांचं जेवण मी नजरेच्या अंदाजानं करते, एक दाणा कमी-जास्त होत नाही. नाताळात त्यांनी सगळ्या वर्गाला नेवऱ्या, म्हणजे करंज्या, वाटल्या, चिनूलाही एक दिली, आणि तिच्या कागदावर लिहिलेलं की ही खाल्लीस तर सुई किती वाढवायची. मी तिला वर्षभर गोडाचा वाससुद्धा येऊ दिला नव्हता. लोकांसमोर तरी. आणि ह्या बाई उघडपणे नेवरी देऊन मोकळ्या. चिनूनं ती नेवरी दोन दिवस पुरवून खाल्ली आणि दोन्ही वेळा लिहिली.

मी सूड घ्यायची तोही माझ्या परीनं. शाळेत कधी कालवण पाठवलं तर फिलूबाईंच्या वाट्याला बांगड्याचं शेपूट. त्या ते मुकाट खायच्या आणि डबा धुऊन परत पाठवायच्या. एकदा डब्यात चिठ्ठी होती, कालवण बरं, खोबरं जरा जास्त. आता बोला.

सगळ्यात मोठा काटा त्या वहीचा. उजवीकडचे शाळेचे आकडे सरळ, नीट. डावीकडचे माझे आकडे वरखाली उड्या मारणारे. जिथं फार वर, तिथं फिलूबाई लाल पेनानं खाली एक रेघ ओढायच्या. शब्द काही नाही, नुसती रेघ. त्या रेघेचा अर्थ असा की काल हिला घरात काय खाऊ घातलंस. आणि घालत होतेच मी. दिवसा कडक, आणि पोरीनं जरा तोंड बारीक केलं की माझा जीव पाघळायचा. पदराआडून कधी चिक्की, कधी पेढ्याचा तुकडा. कुणाला सांगू नको म्हणायची. ते आम्हा दोघींचं गुपित होतं, फिलूबाईंच्या वहीत नसलेलं, आणि म्हणूनच मला ते प्यारं होतं.

मग जत्रा आली. चिनू चौथीत. देवळाकडे खाज्यांच्या दुकानांची रांग, गूळ आणि आल्याचा वास सुटलेला. आमच्याकडे जत्रेला गेलेलं माणूस खाजं न घेता परत येत नाही. चिनू दुकानासमोर उभी राहिली, मागितलं काही नाही, नुसती बघत राहिली. मी पुडा घेतला आणि घरी येईपर्यंत तिनं अर्ध्याहून जास्त संपवला. माझ्या खांद्याला डोकं लावून चालत होती. त्या वेळी मला वाटलं, ही आत्ता माझी आहे.

सकाळी मशीननं साखर दाखवली, तीनशेच्या वर. वहीत तो आकडा लिहायला माझा हात धजेना. त्याखाली येणारी लाल रेघ दिसायला लागली. मी एकशे चाळीस लिहिलं. नेहमीपेक्षा जास्त सुई दिली आणि वहीत नेहमीचीच लिहिली. शाळेत निघायच्या आधी पुन्हा मोजलं, उतरलं नव्हतं, म्हणून आणखी थोडी दिली. ती तर लिहिलीच नाही. चिनूला म्हटलं, आज दोनदा टोचलं ते आपल्या दोघींत.

दुपारी फिलूबाईंनी मोजलं. साखर अजून वरच होती. त्यांनी वही पाहिली, सकाळचं सगळं ठाकठीक, म्हणून डॉक्टरांच्या तक्त्याप्रमाणे जेवणाची सुई आणि वर थोडी वाढवून दिली. माझं आणि त्यांचं औषध पोरीच्या अंगात एकावर एक चढलं. अडीचच्या सुमारास खेळाच्या तासाला चिनू वाळूत बसली ती बसलीच.

मला फोन आला तेव्हा मी पाहुण्यांना वाढत होते. हातातली पळी घेऊनच धावले. शाळेच्या पडवीत, माझ्या त्या जागेवर, फिलूबाई बसलेल्या, चिनूचं डोकं त्यांच्या मांडीवर. पोरांनी सगळं गाऱ्हाण्याबरहुकूम केलेलं, एकानं साखर आणली, दुसऱ्यानं बाईंना गाठलं, तिसरी तिचा हात सोडायला तयार नव्हती. चिनूच्या ओठांना साखर चिकटलेली. मी बाजूला गुडघ्यांवर बसले आणि तिच्या तोंडावरून हात फिरवला. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "बाई."

माझी पोर मरणाच्या दारातून परतली होती, आणि मला त्या शब्दाचं दुःख झालं. अशी मी.

चिनू उठून बसल्यावर फिलूबाईंनी मला बाजूला घेतलं. सकाळी किती दिली होतीस, विचारलं. वहीत आहे ते, मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझे डोळे खाली.

दोन दिवसांनी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बसली. परब सरांचं 'उद्या काही झालं तर' आता झालेलं होतं. गावभर एकच चर्चा, बाईनं सुई जास्त दिली. मुलीची सुई शाळेत बंद करायची, आईला दिवसभर यायला जमत नसेल तर मुलीला घरीच बसवावं, असं जवळपास ठरूनच आलेले सगळे. खोटं नाही सांगत, मला आतून बरं वाटत होतं. पडवी मला परत मिळणार होती.

बैठकीच्या आधी फिलूबाईंनी मला मडक्याच्या कोपऱ्यात बोलावलं आणि साखर मोजायचं मशीन माझ्या हातात ठेवलं.

"ह्यां तुज्याकडे ठेव," त्या म्हणाल्या. "ह्येच्यात मागचे सगळे आकडे ऱ्हवतत. तुका ठावक नसात."

मला खरंच माहीत नव्हतं. मी बटण दाबलं. त्या दिवशी सकाळचे दोन्ही आकडे तिथं होते, वेळेसकट. म्हणजे दोन दिवस हे ह्या बाईला कळलेलं होतं. आणि कुणाला दाखवायचं सोडून तिनं ते माझ्याच मुठीत दिलं होतं.

बैठकीत सगळे शुद्ध भाषेत बोलत होते. अध्यक्षांनी विचारलं, बाई, आपलं म्हणणं काय? फिलूबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, वाढीव डोस माझ्या हातून गेला, जबाबदारी मी लिहून दिलेली आहे, ती माझी आहे. माझ्यावर काय ती कारवाई करा, फक्त मुलीची सोय बंद करू नका, दुसऱ्या शिक्षकाला मी शिकवते. आणि बसल्या.

मी गप्प राहिले असते तर सुटले असते. मशीन माझ्या पदरात होतं. पण माझी नजर दाराकडे गेली. चिनू तिथं चौकटीला टेकून उभी होती आणि फिलूबाईंकडे बघत होती. त्या बघण्यात काय होतं ते मी कुठल्या शब्दात सांगू? माझ्याकडे तिनं कधी तसं बघितलं नव्हतं. आणि तिला तर माहीत होतं, सकाळी दोनदा टोचलं ते. माझ्या डोक्यात वीज चमकली. ह्या बाईनं माझं पाप डोक्यावर घेतलं आणि मी घेऊ दिलं, तर ही पोर जन्मभर तिची झाली. मला परत मिळायची नाही.

लोकांनी नंतर माझं कौतुक केलं, केवढं धैर्य म्हणून. धैर्य कसलं डोंबलाचं. मी जळून उठले.

"बाईंचां काय एक चुकूक नाय," मी म्हटलं. एवढ्या शुद्ध बोलणाऱ्यांत माझ्या तोंडून आपलंच निघालं. "वहीत खोटां मी लिवलंय. खाजां मी दिलंय. ह्येच्यात बघा." आणि मशीन टेबलावर ठेवलं.

त्यापुढचं फारसं आठवत नाही. ह्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, तेवढं आठवतं. सोय चालू राहिली. समितीनं एकच अट घातली, वहीबरोबर मशीनही रोज बघायचं. फिलूबाईंनी मला ना शाबासकी दिली, ना आभार मानले. जाताना एवढंच म्हणाल्या की उद्यापासून चिक्की, पेढा, सगळं लिहायचं, रेघ ओढणार नाही.

त्या संध्याकाळी चिनूनं वही काढली, माझ्या एकशे चाळीसच्या बाजूला मशीनमधला खरा आकडा लिहिला, खाली 'खाजं, अर्धा पुडा' असं लिहिलं, आणि दप्तर भरून झोपायला गेली. मला वाटलं, संपलं, आता ही माझं तोंड बघणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुई भरली. सवयीनं ह्यांना हाक मारणार, पाय धरायला. तर चिनू चुलीपाशी आली, पाटावर बसली, बाही वर केली आणि हात माझ्यापुढे धरला. मीच सुई धरून घुटमळले. ती म्हणाली, "दी गे आई, शाळेक उशीर होता."

पुढच्या जूनला फिलूबाईंची बदली झाली, दोडामार्गकडे. निरोपाच्या दिवशी मी सुरमईचा मधला, सगळ्यात मोठा तुकडा तळून नेला. त्यांनी तिथंच उभ्याउभ्या खाल्ला आणि मीठ बरोबर आहे म्हणाल्या. वर्गातली पोरं रडत होती, चिनूही. मी एका बाजूला उभी राहून मनात म्हणत होते, जाईना का एकदाची. आणि त्यांच्या सामानाचा टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तशी मीच सगळ्यांत जास्त रडले. का ते विचारू नका.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या, सावंतवाडीच्या दवाखान्यात. चिनू तेव्हा सातवीत होती, तिची दर तीन महिन्यांची तपासणी होती. बाहेरच्या बाकावर फिलूबाई. केस सगळे पांढरे झालेले. शेजारी सहाएक वर्षांची एक मुलगी, त्यांच्या कुशीत शिरून बसलेली, आणि बाई वाकून तिच्या सँडलचा निघालेला पट्टा लावत होत्या. चिनूनं बघितलं मात्र, धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली. आणि माझं जुनं जळणं परत सुरू झालं. पण ह्या वेळी ते उलटं होतं. ही कोण पोरगी, आमच्या चिनूच्या जागेवर बसलेली? फिलूबाई आमच्या होत्या. स्वतःचंच हसू आलं मला.

तेवढ्यात ती दिसली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला, मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून, एक तरुण बाई. पिशवी मांडीवर गच्च धरलेली, ओठ दाबलेले, आणि नजर त्या सँडलच्या पट्ट्यावर. त्या चेहऱ्याची मला कुणी ओळख करून द्यायची गरज नव्हती.

मी फिलूबाईंकडे गेलेच नाही. त्या मधल्या जागेत जाऊन बसले, तिच्याकडे तोंड करून. तिनंच हळू विचारलं, "तुमी वळाकतास बाईंका?"

"वळाकतंय," मी म्हटलं. "दोन वर्सां रोज जळलंय तेंच्यार."

तिनं चटकन माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले तिचे. खूप दिवस कुणाला सांगितलं नसावं. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "माजां चेडू माज्या हातसून सुई घेणा नाय वो. माका बघल्यार पळता."

पलीकडे फिलूबाई मान वर करून आमच्याकडे बघत होत्या. त्यांनी दोन्ही पोरींना उठवलं आणि पाणी प्यायला म्हणून व्हरांड्याच्या टोकाकडे घेऊन गेल्या. पाठमोऱ्या, एका हाताला चिनू, दुसऱ्या हाताला ती लहानगी. बूट तेवढे तसलेच. त्यांना बघितलं ते तेव्हाच शेवटचं.

मी त्या बाईचा हात हातात घेतला. गार पडलेला.

"एक दिस तुज्या हातसून पण घेतलां," मी म्हटलं. "माज्या चेडवान घेतल्यान."